बाहुलीवर शिकलेली डॉक्टरकी

भोजराज तुरकर मूळचा कामठ्याचा. घरी धानाची शेती. घरात पोवारी बोलायची, गावात झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात गेलं की हिंदी. शाळामास्तरांनी बापाच्या मागे लागून लागून त्याला पुढे शिकवायला लावलं आणि १९२७ साली तो डॉक्टरकीचा परवाना घेऊन बाहेर पडला. पदवीवाले डॉक्टर वेगळे. ते मुंबई-कलकत्त्याहून यायचे आणि शहरात बसायचे. आपल्या प्रांतातल्या मेडिकल स्कुलात चार वर्षं शिकून जे निघत, त्यांना लोक 'लायसन्सवाले' म्हणत आणि सरकार त्यांना खेड्यांतल्या दवाखान्यांत धाडी. भोजराजला गोरेगावचा दवाखाना मिळाला.

प्रसूतिशास्त्राच्या पेपरात तो वर्गात तिसरा आला होता. ही गोष्ट त्याला फार दिवस अभिमानाची वाटली नाही.

गोरेगावच्या बाजाराचा दिवस होता. भर दुपारी जंगलपट्टीतल्या एका गावाहून चार माणसं खाटेवर घालून एका बाईला घेऊन आली. चमेली तिचं नाव. पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. गावच्या सुईणीने हात टेकले होते. बरोबर सासू होती, धनवंता नावाची, उंच, वाळक्या अंगाची, डोळ्यात पाणी नसलेली बाई. भोजराजने तपासलं. मूल पोटात आडवं पडलेलं आणि त्याचा एक हात बाहेर आलेला.

त्याला सगळं आठवलं. पानाचा क्रमांकसुद्धा. अशा वेळी आत हात घालून मुलाचा पाय शोधायचा, मूल फिरवायचं आणि पायाकडून काढायचं. परीक्षेत त्याने हेच लिहिलं होतं, आकृतीसकट. शाळेत ते करूनही पाहिलं होतं, लाकडाच्या कमरेत ठेवलेल्या चामड्याच्या बाहुलीवर. ती कमर कधी आवळत नव्हती. ती ओरडत नव्हती, तिच्यातून रक्त वाहत नव्हतं. जिवंत बाईचं बाळंतपण भोजराजने दोनदा पाहिलं होतं, तेही मागच्या रांगेत, इतर विद्यार्थ्यांच्या खांद्यांवरून.

त्याने प्रयत्न केला. हात कोपरापर्यंत बधिर झाला, पण पाय काही सापडेना. बाहेर भाजीवाल्यांची ओरड चालू होती. बाजार उठायच्या आत चमेली गेली, आणि मूल आतच राहिलं.

धनवंता भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. तिने विचारलं, "डाक्टर, असी अडली बाई तुमी याच्या आंधी मोकळी केली होती का नाई?"

"नाही."

"मंग तुमाले शिकवलन काय?"

"बाहुलीवर शिकवलं, बाई."

"बाहुलीवर?" ती भिंतीपासून सुटून पुढे आली. "बाहुलीवर शिकवलन आन् आमच्या बायकाईवर पाठवलन? कायले पाठवलन मंग?"

माणसांनी खाट उचलली.

दुसरा एखादा असता तर दैवाला दोष देऊन मोकळा झाला असता, नाहीतर आयुष्यभर स्वतःला कोसत बसला असता. भोजराजला मात्र राग आला. असा राग, जो पुढे वीस वर्षं उतरला नाही. त्याने आपल्या वह्या काढून बायकोसमोर, सुशिलाबाईसमोर, आपटल्या.

"हे बघ. स्कार्लेट फीवर. बारा व्याख्यानं झाली यावर. विलायतेत पोरांना होतो हा ताप. इथं कोणी पाहिलाय? हे गाउट. मांस-दारू झोडणाऱ्या साहेबांचा अंगठा सुजतो, त्याच्यासाठी पाच व्याख्यानं. नारूसाठी अर्धं. सापासाठी एक, त्यातही साप विलायतेतला. आणि बाळंतपण? बाहुली!"

"मंग आता काय करून राहिले तुमी?" सुशिलाबाईने विचारलं.

"शिकतो. आधी मी शिकतो."

बिनपगारी रजा घेऊन तो मद्रासेकडच्या एका बायकांच्या इस्पितळात वर्षभर राहिला. दिवसातून चार-चार, पाच-पाच बाळंतपणं केली. पहिल्यांदा आडवं मूल त्याच्या हातून वळलं तेव्हा शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान." त्याला आनंद झाला नाही. हे इतकं साधं होतं आणि ते शिकवायला चार वर्षांत कोणाला वेळ मिळाला नव्हता, याच विचाराने त्याचे कान तापले.

परत येऊन त्याने गोरेगावचा दवाखाना चालवला. पुढे १९३५ साली त्याच मेडिकल स्कुलात शिकवणाऱ्याची खालची जागा निघाली. त्या पगारावर पदवीवाला कोणी येईना म्हणून ती भोजराजला मिळाली. पहिल्या दिवशी त्याने कपाट उघडलं. बाहुली तीच होती. चामडं जिथे फाटलं होतं तिथे ठिगळ लावलं होतं, एवढाच आठ वर्षांतला बदल.

शाळेचे मुख्य होते कर्नल प्रिचर्ड. त्याच सुमारास कौन्सिलात कोणीतरी प्रश्न विचारला होता, की लायसन्सवाले डॉक्टर खेड्यांत टिकत का नाहीत. उत्तर द्यायचं म्हणून कर्नलने अभ्यासक्रम सुधारण्याची समिती नेमली. अध्यक्ष म्हणून रायबहादूर ईश्वरदास, शहरातले नामांकित डॉक्टर, ज्यांच्या दारात दोन मोटारी उभ्या असत. आणि काम करायला कोणीतरी हवं म्हणून चिटणीस भोजराज.

त्याने ते काम अक्षरशः अंगावर घेतलं. सुट्टी लागली की रेल्वेने, बैलगाडीने, पायी तो दवाखान्यादवाखान्यात फिरला आणि आपल्यासारख्या लायसन्सवाल्यांना एकच विचारत गेला: तुमच्याकडे काय येतं, आणि त्यातलं तुम्हाला काय शिकवलं नव्हतं? आमगावकडच्या एकाने सांगितलं, की साप चावलेला पहिला माणूस आला तेव्हा मी आत जाऊन पुस्तक चाळत बसलो आणि बाहेर तो गेला. दुसऱ्याने सांगितलं, की विळ्याने नाळ कापून धनुर्वात झालेली बाळं मोजायचंच मी सोडून दिलंय. तिसऱ्याने पानाची चंची पुढे केली आणि तो म्हणाला, "तुरकर, आता काऊन विचारून राहिले? आमी त मेलेलेच पायले."

यातून भोजराजने चार वर्षांचा नवा अभ्यासक्रम उभा केला. पहिल्या वर्षी शरीरशास्त्राच्या जोडीला गावातलं पाणी, ताप आणि खाणंपिणं, तेही गावात जाऊन. इथले आजार आधी, विलायतेतले नंतर. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने बाळंतपणं केल्याशिवाय परवाना नाही. शेवटच्या वर्षी तीन महिने खेड्यातल्या दवाखान्यात मुक्काम. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परीक्षा कागदावर नको, रुग्णाच्या खाटेशी. कारण परीक्षेत जे विचारत नाहीत ते कोणी शिकत नाही, हे तो स्वतःवरून जाणून होता.

बैठकीत रायबहादूरांनी कागद चाळले आणि हसले. "तुरकर, आपल्याला डॉक्टर घडवायचेत की दाया?"

"बाई मरू न देणारा कोणीही चालेल, साहेब."

"आपला परवाना इतर प्रांतांनी मानला पाहिजे. स्कार्लेट फीवर काढून टाकला तर ते काय म्हणतील?"

"आणि चमेली मेली तर ते काय म्हणतात?"

"कोण चमेली?"

भोजराजने सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि मग चहा आला.

कर्नलची हरकत वेगळी होती. या देशातल्या बायका पुरुष विद्यार्थ्यांना जवळ येऊ देणार नाहीत, आणि खेड्यात शिकण्याजोगे रुग्ण तरी किती मिळणार? भोजराज म्हणाला, "चला. स्वतः बघा." गंमत अशी, की समितीने ते मान्य केलं.

डिसेंबरात सगळी मंडळी गोरेगावला आली. भोजराजने तीन विद्यार्थी आधीच तिथे आणून ठेवले होते. त्यातला जागेश्वर हुशार, पण रक्त पाहून घाबरणारा. सकाळी समिती दवाखाना बघणार असं ठरलं होतं. सकाळी कोणी आलं नाही. मुक्कामाच्या बंगल्यावरच्या शिपायाने सांगितलं, "साब लोग बोदलकसा गये हैं, शिकार को." हिवाळ्यात त्या तलावावर बदकं उतरतात, हे त्यांना कोणीतरी रात्रीच्या जेवणात सांगितलं होतं.

त्याच दिवशी दुपारी एक अडलेली बाई दवाखान्यात आली. भोजराजने तिच्या माणसांना समजावलं, तिलाही विचारलं. ती कण्हत म्हणाली, "कोणीबी करा, पण मोकळी करा." कसली लाज आणि कसलं काय! त्याने जागेश्वरचा हात धरून त्याला पुढे केलं. स्वतः शेजारी उभा राहून एकेक गोष्ट सांगत गेला. जागेश्वरचे ओठ पांढरे पडले होते, पण सांगितलेलं तो करत गेला. मूल रडलं तेव्हा तो खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. बाळाची आजी त्यालाच पाणी द्यायला धावली.

संध्याकाळी समिती परतली. मोटारीच्या मागे बदकांची माळ लटकत होती. भोजराज रस्त्यावर उभा होता. "साहेब, आत बाई आहे, बाळ आहे, विद्यार्थी आहे. पाच मिनिटं या."

रायबहादूर म्हणाले, "आता दमलो हो. उद्या पहाटेची गाडी आहे."

महिन्याभराने अहवाल तयार झाला. त्यात लिहिलं होतं, की समितीने ग्रामीण दवाखान्याची प्रत्यक्ष पाहणी केली असता तेथे शिक्षणास पुरेसे रुग्ण आढळले नाहीत. ग्रामीण मुक्काम तीन महिन्यांऐवजी दोन आठवडे, तोही ज्याला हवा त्याने करावा. बाळंतपणाचे शिक्षण आणि परीक्षा पूर्वीप्रमाणे. नव्या अभ्यासक्रमाचे जनक म्हणून रायबहादूर ईश्वरदास यांचे आभार.

अहवालावर सह्या करायच्या बैठकीत भोजराज उभा राहिला. माणूस एरवी हळू बोलणारा. पण त्या दिवशी बाहेरच्या ओसरीतल्या कारकुनांनाही ऐकू गेलं. "रुग्ण आढळले नाहीत? तुम्ही बदकं मारत होता तेव्हा माझा विद्यार्थी बाळंतपण करत होता! हे आढळलं नाही का? तुमच्या घरात बाळंतपण असलं तर कलकत्त्याची डॉक्टरीण येते. आणि जंगलातल्या बाईने बाहुलीवर शिकलेल्याच्या हाती मरायचं? हा खोटा कागद आहे. यावर मी सही करत नाही."

त्याने सही केली नाही. पंधरा दिवसांत त्याची बदली झाली, परत गोरेगावला. हुकुमात 'सेवेची गरज लक्षात घेऊन' असं लिहिलं होतं.

गोरेगावात लोकांना वाटलं, डाक्टर परत आला हे बरंच झालं. त्याला ते बरं वाटत नसे. दर वर्षी नवे लायसन्सवाले निघत होते आणि आसपासच्या दवाखान्यांत येऊन उभे राहत होते, तसेच रिकाम्या हातांनी. त्यातले काही त्याच्याकडे येऊन राहत आणि शिकत. पण एक माणूस आपल्या घरात किती जणांना शिकवणार? शाळा कशासाठी आहे मग?

१९४६च्या सुमारास लायसन्सवाल्यांच्या शाळाच मोडायच्या आणि सगळीकडे पदवीचीच कॉलेजं करायची असं वारं सुटलं. त्या शाळेचंही कॉलेज होणार होतं. नवा अभ्यासक्रम लिहायला नवं मंडळ बसलं. या खेपेला सगळी आपलीच माणसं. भोजराजने आपला जुना आराखडा नव्याने लिहून पाठवला आणि मंडळावर बोलावण्याची विनंती केली. उत्तर आलं, की मंडळावर केवळ पदवीधर बसू शकतात.

म्हणजे पदवी नव्हती म्हणून वीस वर्षं खेड्यात राबला, आणि पदवी नव्हती म्हणून त्या वीस वर्षांत काय शिकला ते सांगायचीही मुभा नाही. साहेब जाऊन आपले लोक आले, पण दार मात्र तसंच बंद राहिलं.

मंडळावर जागेश्वर होता. तो पुढे कलकत्त्याहून पदवी घेऊन आला होता. त्याने तो आराखडा स्वतःच्या नावाने नाही, भोजराजच्या नावाने मांडला आणि दोन महिने त्यासाठी भांडला. सत्तेचाळीसच्या पावसाळ्याअखेर तो गोरेगावला आला. सुशिलाबाईने पोहे पुढे ठेवले.

"सर, दोन गोष्टी मंजूर झाल्या," तो उत्साहाने म्हणाला. "स्वतःच्या हाताने बाळंतपणं केल्याशिवाय पदवी नाही. आणि परीक्षा खाटेशी."

"आणि खेड्यातला मुक्काम?"

"तो... पुढे पाहू म्हणाले. सर, एवढं तरी झालं."

"एवढं तरी?" भोजराजचा आवाज चढला. "हे दहा वर्षांपूर्वी व्हायचं होतं. दहा वर्षांत किती बाया गेल्या, त्याचा हिशेब कोण देणार? मला यात उपकार वाटत नाही, जागेश्वर. तू केलंस ते चांगलं केलंस. पण त्यांनी मेहेरबानी केली असं मला सांगू नकोस."

जागेश्वरने हातातला पोह्यांचा घास परत ठेवला. सुशिलाबाई म्हणाली, "पोराले खाऊ त द्या."

भोजराजने पोह्यांची बशी त्याच्याकडे सरकवली आणि विचारलं, "पुढची बैठक कधी आहे?"

"डिसेंबरात."

"मी येणार. आत बसू दिलं नाही तर दारात उभा राहून बोलीन."

तो गेला. डिसेंबरच्या बैठकीत त्याला भिंतीशी एक खुर्ची दिली, मताचा हक्क दिला नाही. पण बोलायला त्याला कोणी अडवू शकलं नाही. त्याने नारूपासून धनुर्वातापर्यंत सगळं मांडलं, शांतपणे, आणि मग विचारलं, की ज्या विद्यार्थ्याने खेडं पाहिलंच नाही, तो खेड्यात जाईल अशी अपेक्षा तुम्ही कोणत्या तोंडाने करता? बराच वाद झाला. शेवटी खेड्यातला मुक्काम सक्तीचा ठरला, सहा आठवड्यांचा.

बाहेर आल्यावर जागेश्वर त्याचं अभिनंदन करू लागला. भोजराजने धोतराचा सोगा सावरला आणि स्टेशनच्या वाटेला लागला. "तीन महिन्यांतले निम्मेच दिले," तो म्हणाला. "आणि पोरं राहतील कुठं? दवाखान्यात एक खोली नाही, संडास नाही. त्यांनी ठरवलं आणि मोकळे झाले. चल, गाडीत बसून खोल्यांचा अर्ज लिहू."