बिनकॉम्प्युटरचे सर

कॉम्प्युटर शिकवायला कॉम्प्युटर लागत नाही असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि माझं नशीब असं की तो बिरवाडीत माझ्याच शेजारच्या खोलीत राहत होता. मी नांदेडकडचा, सातवीत शाळा सोडलेला, इथल्या कारखान्यात पोती उचलणारा. सर दर रविवारी महाडच्या एका कॉलेजात एम.ए., एम.कॉम.च्या मुलांना कॉम्प्युटरची तोंडओळख करून द्यायचे. कोण इतिहासातून आलेला, कोण वनस्पतिशास्त्रातून. पण प्रत्येक धडा आदल्या संध्याकाळी आधी माझ्यावर. "तुला कळला की उद्या त्यांना कळेल," म्हणायचे.

सर बोलता बोलता हरवायचे. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या की लोक हॉर्न वाजवायचे. सर स्कूटर बंद करून बघत बसायचे, कोणती आधी, कोणती मागून. "रांग म्हणजे हीच," असं पुटपुटत, म्हशी निघून गेल्या तरी तिथेच. चहावाल्याला सांगायचे, "साखर असेल तर घाला, नसेल तर गूळ, तोही नसेल तर चहा करूच नका." तो म्हणायचा, "सर, साखर हाय, गूळ पन हाय, तुमचंच काय ठरत नाय."

एकदा तर स्वतःच यंत्र झाले. "तू हुकूम सोड, मी तेवढंच करणार." मी म्हटलं, "दुधाला उकळी येईपर्यंत इथून हलू नका," आणि नळावर पाणी भरायला गेलो. रांग मोठी होती. परत येऊन बघतो तर सर शेगडीपाशी तसेच मांडी घालून, दारातून डोंगरावरचे ढग बघत. दूध गार. "पेटव म्हणाला नाहीस," सर आनंदाने म्हणाले.

मग मला वर्गात न्यायचं त्यांनी ठरवलं, यंत्र म्हणून. हुकूम पाळायचं काही नाही, तो तर माझा रोजचा धंदा. धास्ती एकच. तिथे नवा येणारा प्रत्येक जण आपण कुठल्या विषयातून आलो ते सांगायचा, ही सरांनीच पाडलेली रीत. वाटेत म्हटलं, "सर, तेवढं मला नका विचारू." ते ऐकत होते की सावित्री नदीचं पाणी बघत होते, कळलं नाही.

वर्गात मी सांगतील तसा चाललो. "थांब" म्हणायला मुलं विसरली, मी भिंतीला धडकलो. सगळे हसले, मीही. तेवढ्यात एका मुलीने सहज विचारलं, "दादा, तुम्ही कुठल्या विषयातून?" मी सरांकडे बघितलं. सर हातात खडू धरून खिडकीबाहेर. मला त्यांचा रागच आला.

"सातवीतून," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. इतिहासवाला बाकावर जरा सरकला. "बसा दादा, आम्हाला तरी कुठं काय येतंय."

तेव्हापासून रविवारी मी तिथेच असतो, शिकायला. सर मात्र आता त्यांच्या लेकीकडे, सांगलीला. परवा फोनवर विचारलंच, "सर, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम बाहेर बघत होता ना?" ते म्हणाले, "बगळे होते रे. काय सुंदर बसले होते."

कधी मला ते खरं वाटतं, कधी नाही.