बिनविरोध सरपंच

"म्हण, तुमच्या विचाराबिगर एक पाऊल टाकणार न्हाई."

खंडोबाच्या देवळात सगळं गाव जमलं होतं आणि दादासाहेब मला हे म्हणायला लावत होते. माझ्या ओंजळीत बेलाचं पान होतं. त्यावर त्यांनी भंडारा टाकला, तोही हातभर उंचीवरून. माझ्या बोटाला बोट लागू नये म्हणून. निम्मी हळद लुगड्यावर सांडली. मी पुटपुटले. ते म्हणाले, मोठ्यानं. मी मोठ्यानं म्हटलं.

मग ते लोकांकडं वळले. "झालं. मेंढी खुंट्याला बांधली."

गाव हसलं. दादासाहेबांची माणसं हसली, त्यांचं ते कामच होतं. पण आमच्या वाडीचे धनगरही हसले. माझा नवरा हसला. मी पदर पुढं ओढून मान खाली घालून उभी, अंगाची नुसती लाही होत होती.

अंबड तालुक्यातलं आमचं गाव. नव्वद साल उलटून गेलं होतं, बायकांना राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या, आणि आमचं सरपंचपद मागासवर्गातल्या बाईसाठी सुटलं होतं. दादासाहेब गावातले सगळ्यात मोठे जमीनवाले. त्यांच्या घरातून सरपंचकी कधी बाहेर गेली नव्हती. कारण आमच्याकडं निवडणूक अशी व्हायचीच नाही. देवळात बैठक बसायची, दादासाहेब नावं सांगायचे, आणि आपण अर्ज भरणार नाही म्हणून बाकीच्यांनी भंडारा उचलायचा. बिनविरोध. एकीचं गाव म्हणून पेपरात कौतुक छापून यायचं. आता बाई लागत होती, तर त्यांनी माझं नाव काढलं. मी चौथी शिकलेली, सही येत होती आणि माझा नवरा त्यांच्याच मळ्यावर सालगडी होता. आणखी काय पाहिजे?

भंडारा म्हणजे आमच्यात शेवटचा शब्द. आमचा माणूस कोर्टात खोटं बोलेल, भंडारा मोडणार नाही. मोडला तर वंश बुडतो, असं आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकलेलं. हे दादासाहेबांना बराबर ठाऊक होतं.

सरपंच झाले म्हणजे काय झाले? ग्रामसेवक आधी त्यांच्याकडं जायचा, मग माझ्याकडं. मी सही करायचे. कशावर करतेय हे विचारायची सोय नव्हती. घरात सासू पाळतीवर. आमची थोडी मेंढरं होती, ती तीच राखायची. एखादी मेंढी फुगून मेली की दारातूनच विचारायची, "काही बोललीस का गं तिथं?" मी नाही म्हणायचे. खरंच बोललेली नसायचे. तरी मला भीती वाटायची, सरळ सांगते. दादासाहेबांची वाटायची त्याच्यापेक्षा खंडोबाची जास्त. देव आमचा, आणि त्यालाच त्यांनी माझ्यावर राखणीला बसवलं होतं.

अशी दोन-अडीच वर्षं गेली आणि गायरानाचा विषय निघाला. गावाच्या वरच्या अंगाला सरकारी माळ होता. आमच्या वाडीची सगळी मेंढरं त्याच्यावर जगायची. दादासाहेबांना तिथं त्यांच्या संस्थेचं कॉलेज काढायचं होतं, त्याला ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता. माळ गेला की मेंढरं विकावी लागणार, हे पोराटोरांनाही कळत होतं. मोठी माणसं मूग गिळून बसली होती. आणि ठरावावर सही माझी लागणार होती.

त्याच सुमाराला अंबडला बायका सरपंचांचं शिबिर होतं. एक मॅडम औरंगाबादहून आल्या होत्या. त्या सांगत होत्या की ग्रामसभेची अध्यक्ष तुम्ही, विषय मांडला की बाजूनं किती आणि विरोधात किती ते मोजायचं, मोजल्याशिवाय मंजूर म्हणायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. म्हटलं, भंडारा उचललेला असला तर? त्यांना कळेना. मी समजावून सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, "कायद्यात असल्या शपथेला जागाच नाही हो."

एवढं बोलून त्या ताट घ्यायला गेल्या. मी तिथंच उभी. मला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला. कायद्याला माझी शपथ माहीत नाही आणि गावाला कायदा माहीत नाही, मधल्या मध्ये मी. एसटीत बसल्यावर डोक्यात एकच चाललं होतं. दादासाहेबांनी ज्या हातानं मला भंडारा उचलायला लावला, त्या हातानं स्वतः कधी उचलला का? गावासाठी, आमच्यासाठी, एकदा तरी? नाही. मग ही शपथ देवाची कशी? ही तर चाकरी होती, तिला देवाचं नाव चिकटवलेलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. दादासाहेब समोर खुर्चीवर. ग्रामसेवकानं ठराव वाचला आणि त्याच दमात म्हणाला, सर्वानुमते मंजूर.

मी म्हटलं, "मतं मोजा."

कुणाला वाटलंच नाही मी बोलले. मी परत म्हटलं. दादासाहेबांनी सावकाश माझ्याकडं पाहिलं.

"भंडारा इसरलीस का?"

"न्हाई इसरले. तुम्ही उचलायला लावला म्हणून उचलला. आता सगळ्यांसमोर मोडून राह्यले. देव काय करायचं ते मला करंल. तुम्ही हात मोजा."

माझा आवाज फाटला होता. मागं बसलेली सासू तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

हात मोजले. गावात पहिल्यांदा मोजले. विरोधात मागच्या चार-दोन बायका. बाजूनं सगळं पटांगण. त्यात आमच्या वाडीचे हात. त्यात माझ्या नवऱ्याचा हात. मी अध्यक्ष होते, सही करावी लागली. नियमानंच हरले होते ना.

घरी आल्यावर मी नवऱ्याला एवढंच विचारलं, का? त्यानं टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाला, "समोर बसल्ते ना ते. बघून राह्यल्ते कोण हात वर करत न्हाई."

शिव्या देणार होते, दिल्या नाहीत. तो खोटं बोलत नव्हता.

पुढचं गावानं रीतसर केलं. आमच्या पंचांनी सांगितलं, दादासाहेबांच्या पाया पड, भंडारा मोडल्याचा दोष निघंल. मी पडले नाही. सासूनं माझ्या हातचं खाणं सोडलं. नवऱ्याचं काम सुटलं. सदस्यांनी माझ्यावर अविश्वास आणला आणि मला खाली उतरवलं. माळाला तारेचं कुंपण पडलं. मेंढरं आम्ही अंबडच्या बाजारात विकली. सासू बाजारापर्यंत चालत आली आणि नुसती काठी घेऊन परतली.

पण नवऱ्याचं ते वाक्य मला सोडत नव्हतं. विधानसभेला आमची माणसं पेटीत मत टाकतात. कुणाला टाकलं ते नवरा बायकोला सांगत नाही. तिथं समोर कुणी बसलेलं नसतं. ग्रामपंचायतीची पेटी मात्र गावात कधी येऊच दिली नव्हती. ती का, ते मला तेव्हा लख्ख कळलं. एकी नव्हती ती. पेटीची भीती होती, आणि ती आम्हाला नव्हती, त्यांना होती.

पुढच्या निवडणुकीला देवळात बैठक बसली. मी गेले नाही. तहसीलला जाऊन अर्ज भरला. एक अर्ज जादा झाला की पेटी आणावीच लागते. या खेपेला जागा राखीव नव्हती; दादासाहेबांनी माझ्यासमोर मुलाला उभं केलं होतं, आणि ते स्वतः आयुष्यात पहिल्यांदा आमच्या वाडीत मत मागायला आले. माझ्या सासूला मावशी म्हणाले. जाताना मला म्हणाले, "माघार घे. एकीचं गाव नासवून राह्यलीस."

मी म्हटलं, "नासू द्या."

मी पडले. त्याच्या पुढच्या वेळीही पडले. अनामत जाते, लोक मला येडी म्हणतात. दर वेळी माघार घे म्हणून निरोप येतो, दर वेळी मी एसटीनं अंबडला जाते आणि अर्ज भरते. निवडून येईन असं मला वाटत नाही. पण मी जिवंत आहे तोवर या गावात कुणीही बिनविरोध होणार नाही.