सुतकात लागलेला टीव्ही

सुतकात आमच्या घरी टीव्ही लागला होता. आणि लावला कोणी, तर काकूंनी.

आज काकांना जाऊन वर्ष झालं. नातेवाईकांत अजून कुजबुज चालू आहे, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बुऱ्हाणपूरला शाळेत फिजिक्स शिकवायचे. रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही.

घरात स्मार्ट टीव्ही आला तरी जुना डब्बा टीव्ही आणि गच्चीवरचा अँटेना त्यांनी कुणाला हलवू दिला नाही.

पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला त्या टीव्हीसमोर बसवायचे. चॅनल नाही, चित्र नाही. नुसत्या मुंग्या आणि खर्रर्र.

"यातल्या बहुतेक मुंग्या टीव्हीच्या आणि आसपासच्या. पण शंभरात एखादी विश्व तान्हं होतं तेव्हाच्या उजेडाची. तेव्हापासून चालतोय बिचारा. वाटेत गार झाला, ताणला गेला. डोळ्यांना दिसत नाही, अँटेनाला लागतो."

पाहुणा काकूंकडे बघायचा. काकू कपाळाला हात लावायच्या.

समोरचे चौधरीभाऊ तर एकदा दया येऊन गच्चीवर चढले आणि अँटेना फिरवत ओरडले, "सरजी, आया क्या?"

काका खालून खुशीत, "नही आया! बढिया! अब निंबोला की तरफ घुमाओ!"

चौधरीभाऊ त्यानंतर आमच्या गच्चीवर फिरकले नाहीत.

काका सांगायचे, अमेरिकेत दोघा जणांचं असंच झालं होतं. भल्यामोठ्या कर्ण्यासारखा अँटेना, आकाशात कुठेही वळवा, बारीक खरखर काही जाईना. आत कबुतरांनी घर केलं होतं. ती हाकलली, घाण साफ केली. तरी जाईना. कारण ती खरखर त्याच जुन्या उजेडाची, सगळीकडूनच येत होती.

काका गेले आणि घर गप्प झालं.

सुतकात टीव्ही नाही, गाणी नाहीत, हसणं-बोलणं नाही. रीतच आहे ती. पण काकू त्या शांततेत दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. रडतही नव्हत्या, जेवतही नव्हत्या. आम्हाला त्यांचीच भीती वाटायला लागली.

एका दुपारी तुकईथडहून माणसं भेटायला आली होती. काकू मधूनच उठल्या आणि जुना टीव्ही लावला.

खर्रर्र.

आत्या, म्हणजे काकांची मोठी बहीण, ताडकन उठली. "माय वो! सुतकात टीव्ही? लोकं काय बोलतील?"

"जिजी, यात सिरियल नाही का गाणं नाही," काकू म्हणाल्या. "यात यांचं ते आहे. सगळ्या दुनियेला दाखवलं. मीच एकदा बी बसून पाहिलं नाही."

आणि पहिल्यांदा रडल्या. अगदी मोकळ्या होऊन.

आत्या जवळ आली. मग काकूंना टेकून बसली. तुकईथडची माणसंही मुंग्या बघत राहिली.

बऱ्याच वेळाने काकूंनी मला विचारलं, "टीव्ही बंद केला तर हे यायचं थांबून जातं का गं?"

"नाही काकू. ते येतच राहतं. घरात, अंगणात, आपल्या अंगावर. टीव्ही फक्त दाखवतो."

काकूंनी पदराने डोळे पुसले. उठल्या, आणि आपल्या हाताने टीव्ही बंद केला.

"मग ठीक आहे," म्हणाल्या. "ताट वाढ मला."

काका, तुमची फार आठवण येते.

आम्हा सगळ्यांकडून तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.