हात मायचे, तोंड कुणाचं

फोटो वरून खाली उतरायचा. पट्टीपट्टीनं. आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात. पण नव्व्याण्णव साली जळगावात इंटरनेट असंच होतं. फोनच्या तारेतून आधी किंचाळल्यासारखा आवाज यायचा, मग शांत, मग पडद्यावर एक पट्टी. पुढची कधी येईल ते त्याच्या मर्जीवर.

सायबर कॅफेत माय माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. दोंडाईच्याहून पॅसेंजरनं आणलं होतं मी तिला. लग्नाकार्याची साडी नेसून आली होती. का? तर तिचा फोटो कंप्युटरवर आला होता, अमेरिकेतली माणसं तो बघत होती, आणि तिनं स्वतः तो अजून बघितला नव्हता. वस्तीतल्या बायांना सांगून आली होती ती. मी फोटो पाहाले जाई राहिनू, म्हणून.

पहिली पट्टी आली. तिथं आमच्या घराचं दार दिसायला पाहिजे होतं. दिसला खिडकीचा पडदा, फुलाफुलांचा. मला वाटलं, चुकीचं पान उघडलं. मग काठाचा पदर आला. मग कपाळ, ठळक कुंकू. मग नथ. मायनं जन्मात नथ घातली नाही. मग हसरं तोंड आलं आणि ते मी ओळखलं. माझी मैत्रीण स्मिता, तिची आई. काकू.

त्याच्या खाली दुसरा फोटो उतरू लागला. खाट. खाटेवर ओलं धोतर. धोतरावर बिबड्यांचे गोल. आणि दोन हात, कोपरापासून पुढचे. डाव्या मनगटावर गोंदलेला विंचू, उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग. वर खांदा नाही, मान नाही. वरचं तोंड आणि खालचे हात असे चिकटवून ठेवले होते की बघणाऱ्याला ती एकच बाई वाटावी.

मायनं आपला डावा हात उचलला आणि पडद्याजवळ नेला. विंचवाशेजारी विंचू.

"हात तं मना शेतस," ती म्हणाली. "हाई बाई कोन शे?"

फोटोखाली मी लिहिलं होतं, यमुनाबाई मोरे यांच्या हातचे खानदेशी बिबडे. ते वाक्य गेलं होतं. त्या जागी होतं, घरी, पूर्ण सोवळ्यात केलेले. खाली काय लिहिलंय, मायनं विचारलं. मी वाचून दाखवलं. सोवळं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तो शब्द आमच्यात शाळेत न जाताही कळतो.

बिबडे म्हणजे काय, ते सांगते. ज्वारीचे पापड म्हणाल तर माय चिडायची. ज्वारी भिजवायची, आंबवायची, वाटायची. लसूण, तीळ, मिरची घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. आणि तो चटके देत असतानाच ओल्या धोतरावर हातानं थापायचा. गार झाला की थापला जात नाही, त्यामुळे थांबायची सोय नाही. मायचे हात उन्हाळाभर भाजलेले असायचे. लहानपणी ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची तेव्हा ते खरखरीत लागायचे, लसणाचा वास यायचा. मला तेच आवडायचं.

मी विद्यापीठात कंप्युटर शिकत होते. होस्टेलवर राहायचे. स्मिता माझ्या वर्गातली, जळगावातल्याच पेठेतली. होस्टेलवर तिनं माझ्या डब्यातले बिबडे खाल्ले आणि वेडी झाली. तिचा भाऊ अमेरिकेत. तो म्हणे तिकडं बसून बिबड्यांची आठवण काढायचा. आपण इंटरनेटवर विकू या का, ती म्हणाली. त्या दिवसांत आम्हाला पंखच फुटले होते. पान मी बनवलं. एक एक ओळ मी लिहिली. माल मायचा. फोन, कंप्युटर आणि पार्सल पाठवायची सोय स्मिताच्या घरची. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे मी तेव्हा नुसतं म्हणीच्या पुस्तकात वाचलं होतं.

उन्हाळ्यात फोटो काढायला स्मिता दोंडाईच्याला आली. आमच्या अंगणात उकिडवी बसली. मायनं वाटीत गरम घाटा दिला, वर कच्चं तेल. "खा वं पोरी, गरम शे." स्मितानं बोटं चाटूनपुसून खाल्लं, अजून मागितलं. मग कॅमेरा काढला. माय खाटेशी वाकलेली, हातात घाटा, मागं घराचं दार उघडं. दारातून आतली भिंत दिसत होती आणि भिंतीवर, मायच्या डोक्याच्या बरोब्बर वर, फ्रेम. निळा कोट, चष्मा, हातात ग्रंथ. आमच्या घरात देवाच्या जागी तोच बाप. नाव सांगायला पाहिजे का?

मी तो फोटो पानावर चढवला. लोकांची पत्रं येऊ लागली, इंग्रजी अक्षरात मराठी. एकानं लिहिलं, पाकीट फोडलं आणि बायकोसमोर रडलो. मी ते पत्र कागदावर उतरवून मायला वाचून दाखवलं. मायनं ते परत वाचायला लावलं. तिचं नाव कुणीतरी एवढ्या लांबून घेतलं होतं.

मग एकाएकी स्मिताच्या घरचा फोन बिघडला. रोजच बिघडलेला. नको येऊ गं, स्मिता म्हणायची, आल्यावर काय करणार, लाइनच नाही. मला खरं वाटलं. तिच्या घरी मी कितीदा गेले होते. काकू हसून बोलायच्या. माझं आडनाव मोरे. मोरे सगळ्यांत असतात. काकूंनी आपल्या मनानं काय ते धरलं होतं. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी काय गळ्यात पाटी बांधून हिंडू? आडनावानं जे सांगितलं नाही ते फोटोतल्या उघड्या दारानं सांगितलं.

हे सगळं मला त्या कॅफेत, त्या खुर्चीवर कळलं. केसानं गळा कापणं म्हणतात. इथं तर खरोखर मान कापून बाजूला ठेवली होती. आणि कापली कुणी? जिनं आमच्या अंगणात बोटं चाटली तिनं.

मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. मायला स्टेशनवर न्यावं, गाडीत बसवावं, विषय संपवावा. माय उठली, पदर नीट केला.

"तिनं घर माले दखाड."

रिक्षानं स्मिताच्या घरी गेलो. काकू व्हरांड्यात आल्या. मायच्या हाताकडे त्यांची नजर गेली आणि तिथंच थांबली. विंचू ओळखला त्यांनी. बसा म्हणाल्या नाहीत. व्हरांड्यात अमेरिकेला जायची पार्सलं रचलेली होती, आमच्या बिबड्यांची. आणि बाहेरच्या खिडकीत एक डबा होता. तो मी महिन्यापूर्वी त्यांना घरी खायला म्हणून दिला होता. मायनं झाकणावर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. गाठ तशीच होती. डबा घरात गेलाच नव्हता. आमचे बिबडे त्यांना विकायला चालत होते, खायला नाही.

काकू वाईट बोलल्या नाहीत. शिवी दिली असती तर मला बरं पडलं असतं. त्या समजुतीनं बोलल्या, मला बाजूला घेऊन, पण मायला ऐकू जाईल अशा. लोक सणासुदीला ताटात वाढतात, देवाला दाखवतात, त्यांच्या भावनेचं बघायला नको का? माल तुझ्या आईचाच राहील, तिचं काही कमी होणार नाही.

"आणि हात कुणाचे ते कोण बघतं गं?" त्या म्हणाल्या. "तिला तरी कुठं कळणार होतं? तू उगीच आणलंस तिला इथवर."

स्मिता दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती चौकटीचा रंग नखानं खरवडत होती. काहीतरी बोल, मी मनात म्हणत होते. नुसतं आई, थांब एवढं म्हण. ती खरवडतच राहिली. मीही बोलले नाही, खरं सांगते. एम.एस्सी. करणारी मी, वादविवादात बक्षिसं घेतलेली, आणि मला शब्द सापडेना.

बोलली माय. काकूंना नाही. काकूंकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ती स्मिताशी बोलली, घाटा देताना बोलली होती त्याच आवाजात.

"पोरी, तोंड बी मनंच लाव. नहीते हात बी काढी टाक."

मग ती खिडकीपाशी गेली, डबा उचलला, काखेत मारला आणि फाटकाबाहेर पडली. माझ्यासाठी थांबली नाही. मी तिच्या मागं धावले. त्या फाटकातून मी पुन्हा कधी आत गेले नाही.

आम्ही परत कॅफेत गेलो. स्मितानं जुना फोटो पुसला नव्हता. नुसतं पानाच्या ओळीतून त्याचं नाव काढून दुसऱ्या दोन फोटोंची नावं घातली होती. कंप्युटरच्या धंद्यात हे असंच असतं, माणूस तिथंच पडून असतो, फक्त त्याला कुणी बोलवत नाही. मी ती ओळ बदलली. सोवळ्याचं वाक्य काढलं. यमुनाबाई मोरे लिहिलं. त्यापुढे, आधी नव्हतं ते, आमच्या वस्तीचं नावही लिहिलं. ते नाव वाचलं की कुणाला काही विचारायची गरज पडत नाही. पासवर्ड बदलला. मग पान परत उघडलं.

किंचाळी. शांतता. पहिली पट्टी. दार. दुसरी पट्टी. निळा कोट. चष्मा. मग मायचा पदर, मायचं उघडं कपाळ, मायचे बारीक केलेले डोळे. मग हात. सगळ्यात शेवटी बिबडे.

माय बघत होती. फोटो पुरा खाली उतरेपर्यंत ती हलली नाही.

"हां," ती म्हणाली. "आते मी शे."

धंदा बसला. बसणारच होता. पत्रं यायची कमी झाली. पाकीट फोडून रडला होता त्यानं शेवटचं पत्र लिहिलं. आपण हे आधी स्पष्ट करायला हवं होतं, आमच्या घरी आई आहे. माझ्याही घरी आई आहे, असं मी उत्तर लिहिलं. त्याचं हे पत्र मी मायला वाचून दाखवलं नाही. वर्गात स्मिता दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, हात दाखवून अवलक्षण. माय म्हणाली, दखाडात ते दखाडात.

माय आता नाही. तिचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही, तो एकच. पण मला सुखानं तो बघता येत नाही. फोटो बघायला गेलं की आधी ते कापलेले हात दिसतात. दुकानात कुणी सुट्टे पैसे हातावर ठेवले, बसमध्ये कुणी दांडी धरली, की मला आधी हातच दिसतो, आणि वर बघायची भीती वाटते. वर दुसऱ्याच बाईचं तोंड असेल. मायच्या शेवटच्या दिवशीही मी तिचा हात धरून बसले होते आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. त्याचा राग मला अजून येतो. माझा नाही. त्यांचा.

गेल्या वर्षी पुण्यात एका दुकानात बिबड्यांचं पाकीट दिसलं. चकचकीत. वर नथीतल्या बाईचं चित्र. खाली खाट, धोतर, दोन हात. डाव्या मनगटावर विंचू. मी तिथं उभीच राहिले. दुकानदारानं विचारलं, ताई, बरं वाटत नाही का? माय मरून गेली आणि तिचे हात अजून त्यांच्याकडे राबत होते.

मी पाकीट परत ठेवलं. घरी आले. ते जुनं पान कधीच बंद पडलं होतं. मी नवं बनवायला बसले. बिबडे आता माझी वहिनी करते, दोंडाईच्यालाच, त्याच अंगणात. पाकीटवाल्यांना वकिलाची नोटीस गेली आहे. विंचू कुणाचा ते त्यांनी सांगावं.

आता फोटो पापणी लवायच्या आत उघडतो. पण माझ्या पानावर नाही उघडत. मी तो मुद्दाम तसा ठेवला आहे, वरून खाली, पट्टीपट्टीनं. हाताखाली शिकणारी पोरं म्हणतात, ताई, गिऱ्हाईक एवढं थांबत नाही, पळून जाईल. जाऊ दे पळून. आधी तो बाप येईल, निळ्या कोटातला. मग माय येईल, तोंडासकट. मग तिचे हात. बिबडे सगळ्यात खाली आहेत. ज्याला पाहिजेत त्यानं वरून बघत यायचं.