जखमेवरची सावली

सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याला काटा लागल्याचं निमित्त झालं. साखरेचा आजार जुना, जखम काही भरेना. आमच्या सिद्धगडाखालच्या गावात जखमेवर कुणाची सावली पडू देत नाहीत. पडली तर चिघळते म्हणतात. मग त्या बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसल्या. "जिथं ऊन नाय तिथं सावली नाय," हा त्यांचा हिशोब. दिवासुद्धा लावू देत नसत. जेवणाचं ताट मी दारातूनच आत सरकवायची.

जखम भरली, पण बाई बाहेर येईनात. दुसरा पावसाळाही तसाच गेला. चुलीपाशी बसलं की त्या काळोखातून 'कट्' असा आवाज यायचा, सुकी काटकी मोडावी तसा. त्या उठल्या की यायचा. ऐकून माझ्या अंगावर शहारा यायचा, आणि रागही यायचा. एकदा त्या नुसत्या खोकल्या आणि बरगडी मोडली.

तेव्हा त्यांना उचलूनच बाहेर काढलं आणि मुरबाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. व्हिटॅमिन डी जवळजवळ नव्हतंच.

"अहो, भात सोडून दोन्ही वेळा नाचणीची भाकर खातात त्या!" मी म्हटलं.

"नाचणीतलं कॅल्शियम पोटात जातं, पण अंगाला लागायला डी लागतं, आणि ते उन्हानं तयार होतं. साखरवाल्यांची हाडं आधीच नाजूक. गोळ्या देतो, पण यांना उन्हात बसवा. उद्या खुबा मोडला तर उठायच्या नाहीत."

घरी आल्यावर त्या पुन्हा आत. "मरा मग अंधारात!" मी ओरडले. मग आतून आवाज आला, "गो, सावली सगळ्यात बारकी कधी असते?"

"भर बाराला."

आता भर बाराची वेळ आमच्याकडे माणसांची नव्हे. बायका दारं ओढून घेतात, विहिरीवर कुणी फिरकत नाही. त्या वेळी त्या खळ्यावर एकट्या बसू लागल्या. पांढऱ्याफटक, डोईवरचा पदर काढून, हात उताणे ठेवून. लोकांनी ती वाटच सोडली. "तुझ्या सासूच्या जागी दुसरंच कायतरी बसतंय," शेजारीण म्हणाली. खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पाणी नेलं की त्या माझ्या तोंडाकडे बघत नसत, माझ्या पायांशी बघत. "लांब ठेव," एवढंच बोलत.

एका दुपारी मला उशीर झाला. ऊन कललं होतं. तांब्या ठेवायला वाकले आणि माझी सावली सरळ त्यांच्या अंगठ्यावर पडली. आता या किंचाळणार आणि पुन्हा त्या खोलीत जाऊन बसणार, कायमच्या.

त्यांनी सावलीकडे बघितलं. मग कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"अशी उभी काय राहिलीस गो? हात दे."

माझा हात धरून त्या उठल्या. मी श्वास रोखून ऐकत होते. काहीच वाजलं नाही.