बिसाहिनच्या बटकीतली बासी

दुर्ग स्टेशन मागे पडले आणि डब्यातले सगळे एका बाजूच्या खिडक्यांना लागले. मैलोगणती उकरलेली लाल जमीन, कारखान्याच्या अर्धवट उभारलेल्या चिमण्या, उंच क्रेन आणि डोक्यावर घमेली घेऊन चाललेल्या बाया. भिलाईला उतरले तेव्हा माझ्या पांढऱ्या साडीचा रंग विटकरी झाला होता. न्यायला आलेला दादा हसून म्हणाला, "झटकू नकोस, उपयोग नाही."

दादा नव्या पोलाद कारखान्याच्या उभारणीवर एका रशियन साहेबाच्या हाताखाली फोरमन होता. नागपूरच्या माझ्या शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली, म्हणून मी प्रथमच त्याच्याकडे आले होते. वहिनी मात्र इथे रमलेली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "ताई, इथं कोणी येत नाही, जात नाही. रांधू तरी कोणासाठी?"

तशी वेळ लवकरच आली. साहेबांच्या बायकोचे, तमाराबाईंचे, उन्हाने जेवणच तुटले होते. असेच चालले तर साहेब त्यांना मायदेशी परत पाठवणार, असे दादा म्हणाला. वहिनी ताडकन म्हणाली, "आपल्याकडं आणा त्याइले. मी पाहून घेतो."

आम्ही कॅम्प-एक या कामगार वस्तीचा बाजार पालथा घातला. तेलुगू, पंजाबी, बंगाली, कानावर पडेल ती भाषा वेगळी, आणि भाव करताना सगळ्यांची हिंदी सारखीच मोडकी! दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वहिनी चुलीपुढे होती. पाटवडीचा रस्सा, वडाभात, पुरणपोळी. रश्श्यावर तर्री अशी लालभडक की पाहूनच घाम फुटावा.

तमाराबाई एकट्याच आल्या. गोऱ्या, थोराड, चेहरा उन्हाने सोललेला. थोडी हिंदी शिकल्या होत्या. रश्श्याचा पहिलाच घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आले. पुरणपोळीचा तुकडा मोडला, तोही तोंडात फिरत राहिला. "बहुत अच्छा," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, पण ताट तसेच भरलेले. वहिनीने आग्रह थांबवला. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी बाईंना हात धुवायला मागच्या अंगणात नेले. तिथे भांडी घासणारी बिसाहिन सावलीत जेवायला बसत होती. बटकीत (काशाच्या खोल वाडग्यात) रात्रभर पाण्यात भिजलेला भात, वर मीठ, शेजारी कांदा आणि हिरवी मिरची. तमाराबाई थबकल्या. वाकून वास घेतला. "यह क्या?"

बिसाहिनने बटकीवर पदर ओढला. "बासी आय दाई. तुँहर खाय के नोहे." (बासी आहे, बाई. तुमच्या खाण्याजोगी नाही.)

"खट्टा? ठंडा?" बाई चक्क जमिनीवर बसल्या.

बिसाहिनने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. तिने नुकताच घासलेला वाडगा घेतला आणि घरून आणलेल्या मडक्यातली बासी त्यात ओतली. तेवढ्यात वहिनी दारात आली.

"अवो ताई, शिळा भात हाय तो! थांबवा न त्याइले! साहेब काय म्हनतीन?"

पण बाईंनी वाडगा तोंडाला लावला होता. मग बोटांनी भात, मग कांद्याचा मोठा चावा. वाडगा रिकामा झाल्यावरच त्या बोलल्या. त्यांच्या गावी उन्हाळ्यात काळ्या पावाचे पाणी आंबवून त्यात कांदा, काकडी घालतात. आजी करायची. "ऐसा ही," त्या म्हणाल्या आणि वाडगा पुन्हा पुढे केला.

मीही एक घोट घेतला. आंबूस, गार, किंचित खारट. पहिल्यांदा नाक मुरडले. दुसऱ्या घोटाला उन्हाची तलखी घशातून खाली उतरल्यासारखी वाटली.

वहिनी अजून दारातच होती. इतकी राबली होती ती. चेहरा उतरला होता. तमाराबाईंनी तिच्याकडे पाहिले, सरकून जागा केली आणि जमिनीवर हात थोपटला. वहिनीने वर्षभरात बिसाहिनच्या मडक्यातले काही चाखले नव्हते. क्षणभर ती घुटमळली. मग पदर खोचून खाली बसली.

"दे वं बिसाहिन, मलेबी. पाहू तरी काय हाय त्यात एवढं."

मी होते तोवर तमाराबाई दुपारी येत राहिल्या. वहिनी रात्री मुद्दाम जास्तीचा भात लावी. शिळा म्हटलेले तिला खपेना. "मुरलेला म्हना," ती दादाला बजावी. परत पाठवण्याची भाषा साहेबांनी सोडली, असे दादा सांगत होता.

निघायच्या दिवशी मी बिसाहिनला तिचे गाव विचारले. तिने हनुवटीने चिमण्यांकडे खूण केली.

"ओही मेर रिहिस." (गाव तिथेच होते.)

आणि ती पुन्हा भांडी घासू लागली.

एवढ्या मुक्कामात दादाने मला सगळे दाखवले होते, भट्टी कुठे, कोळसा कुठे, रूळ कुठून येणार. आम्ही सगळेच तिथे परगावचे, बाहेरचे. जिचे एकटीचे ते गाव, तिने आम्हाला जेवू घातले होते. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीला डोके टेकून त्या चिमण्यांच्या पायथ्याकडे पाहत होते. तिची चूल नेमकी कुठे असायची, ते काही केल्या ठरवता येईना.