लवकर झालेली फिल्म

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरात, बस स्टँडकडून राइस मिलांकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'दामिनी डिजिटल' नावाचं दुकान आहे. दामिनी ही श्रावण शेंडेची मुलगी. तिच्या जन्माच्या वर्षी त्याने ते टाकलं. श्रावणचा बाप, इस्तारी, त्यांच्या गावच्या तलावात मासे धरायचा आणि पोरानेही जाळं सांभाळावं अशी त्याची इच्छा होती. पण श्रावणला पाण्यात शिरायचाच कंटाळा. तो मूलला एका स्टुडिओत कामाला राहिला, पासपोर्ट फोटो काढता काढता लग्नात कॅमेरा धरायला शिकला आणि पुढे पक्का लग्नवाला झाला. सावली, पोंभुर्णा, गडचिरोली, कुठलंही गाव घ्या, तिथे कोणाच्या तरी टीव्हीखालच्या खणात श्रावणने केलेली सीडी नाहीतर पेनड्राइव्ह सापडेल. तो लावून कोणी बघत नाही, हे श्रावणलाही ठाऊक होतं. पण तो मिळायला उशीर झाला की हेच लोक दुकानासमोर येऊन उभे राहत.

आणि उशीर तर नेहमीच व्हायचा. दुकानातला कॉम्प्युटर जुना झाला होता. सकाळी बटण दाबून श्रावण समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. आतली हार्ड डिस्क खरखर आवाज करायची. नवरी हार घालायला हात उचलायची आणि हात वर असतानाच चित्र अडकून बसायचं. गिऱ्हाईक आलं तर तेही त्या अडकलेल्या नवरीकडे बघत बसे आणि आदराने म्हणे, "लय मेहनतीचं काम हाय भाऊ तुमचं."

यंदा लग्नसराईच्या आधी श्रावणने कॉम्प्युटर दुरुस्त करायचं मनावर घेतलं. तो चंद्रपूरला गेला. तिथल्या दुकानदाराने त्याच्यासमोर दोन डबे ठेवले. एकात तशीच फिरणाऱ्या चकतीची, पण नवी आणि भली मोठी हार्ड डिस्क. दुसऱ्यात एसएसडी, काडेपेटीहून जेमतेम मोठी, आत काही फिरत नाही, वाजत नाही. पैसे दोन्हीला सारखेच.

"काम भरभर पाह्यजे का सामान जास्त मावलं पाह्यजे?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्ही पाह्यजे."

"मग दोन्ही घ्या."

श्रावणने बायकोला फोन लावला. साधना म्हणाली, "जुनी लग्नं कायले साठवून ठेवता? आजवर कोणी आला का मागाले?" श्रावणला कोणी आठवलं नाही. त्याने लहान डबा घेतला. जुनी डिस्कही कॉम्प्युटरमध्ये राहू द्या, सुटं सामान ठेवायला होईल, असं तो म्हणाला. दुकानदार म्हणाला, "राहू द्या. पण तिच्यावर भरोसा ठेवू नका. ती कधी बंद पडंल, सांगता येत नाई."

नवी डिस्क बसली आणि श्रावणला आपलं दुकान ओळखू येईना. बटण दाबलं की पडदा तयार. नवरीने हात उचलला की हार थेट नवऱ्याच्या गळ्यात. पहिले दोन दिवस तो उगाच कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करत होता.

त्याच आठवड्यात वामनरावांच्या करिष्माचं लग्न झालं. वामनरावांची राइस मिल आहे आणि बाजार समितीच्या सभापतींशी त्यांचं बसणं-उठणं आहे. लग्नाला सभापती येणार होते. सभापती स्टेजवर आले की कॅमेरा दुसरीकडे न्यायचा नाही, हे श्रावणला आधीच बजावलेलं होतं. दोन दिवसांनी फिल्म बनताना समोर बसून बघायची म्हणून वामनराव स्वतः दुकानात आले. येताना पानाचा डबा घेऊन आले, म्हणजे मुक्काम लांबणार होता.

जेवण झाल्यावर श्रावणने काम सुरू केलं. संध्याकाळच्या चहाच्या आत फिल्म तयार. गाणी बसली, नावं बसली, सभापती तीनदा दिसले. श्रावण खुर्ची फिरवून हसला.

वामनराव हसले नाहीत. "झालं?"

"झालं भाऊ. घेऊन जा आत्ताच."

"माह्या पोरीचं लगन एवढ्यातच आटोपलं?"

"मशीन नवी हाय भाऊ. एसएसडी बसवली."

"मशीननं केलं तर तू काय केलं?" वामनराव उठले. "त्या बिनयकर भाऊच्या पोराच्या लग्नाच्या फिल्मेले तू महिना लावला होता. आमचं काय रस्त्यावरचं हाय का? नीट कर. सवडीनं कर. पंधरा दिवसांनी येतो." फिल्म भरलेला पेनड्राइव्ह टेबलावरच राहिला. पुढच्या दोन दिवसांत मूलमध्ये बोलणं पसरलं की श्रावण आता कामं उरकून टाकतो. एक ठरलेलं लग्न दुसऱ्याकडे गेलं.

साधनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग लवकर देता कायले? करून ठेवा आन् पंधरा दिवसांनी द्या. लोकाईले उशीर पाह्यजे तर उशीर द्या."

श्रावणला ते पटलं. त्याने फिल्म तशीच ठेवून दिली. गिऱ्हाईक आलं की तो कपाळाला आठ्या घालून पडद्यासमोर बसायचा आणि तयार झालेला भाग पुन्हा पुन्हा मागे न्यायचा. लोक पुन्हा आदराने बोलू लागले. फक्त एक अडचण होती. सराई जोरात होती, रोज नवं लग्न येत होतं आणि लहान डिस्क भरत चालली होती. श्रावणच्या कॅमेऱ्याची कार्डं तर पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसून झाली होती. जागा करायची म्हणून श्रावणने करिष्माचं लग्न, शूटिंग आणि तयार फिल्म दोन्ही, उचलून जुन्या डिस्कवर टाकलं. पेनड्राइव्हवरचीही फिल्म पुसून त्यात दुसऱ्या कोणाचे फोटो देऊन टाकले. चार दिवसांचाच तर प्रश्न होता.

त्या चार दिवसांत जुनी डिस्क बंद पडली. आधी टकटक केलं, मग तेही नाही. श्रावण ती रुमालात गुंडाळून चंद्रपूरला घेऊन गेला. दुकानदाराने कानाशी धरून हलवली आणि परत दिली. आतलं काढायचं तर नागपूरला पाठवावी लागेल, खर्च मोठा, आणि निघेलच याची हमी नाही.

"मी म्हणलो होतो," दुकानदार म्हणाला.

"म्हणले होते," श्रावण म्हणाला.

परत येताना एसटीत त्याला प्रवीणची आठवण झाली. प्रवीण त्याचा मेव्हणा, धानाची शेती करणारा, सराईत दुसरा कॅमेरा धरणारा. त्याचं शूटिंग श्रावण सहसा वापरतच नसे, कारण प्रवीणचा कॅमेरा हळूहळू स्वयंपाकाकडे सरकायचा. करिष्माच्या लग्नातलं कार्ड त्याने दिलंच नव्हतं. ते शर्टाच्या खिशात ठेवून तो तेंदूपत्ता तोडायला निघून गेला होता. श्रावण मोटरसायकल काढून थेट फळीवर, म्हणजे तोडलेली पानं गोळा करतात तिथे, पोचला. प्रवीण मजुरांत बसून पानांचे पुडे बांधत होता. तोच शर्ट अंगात होता. कार्ड मिळालं.

मग श्रावणने खरोखरच राबून काम केलं. आधी नुसती ॲक्टिंग केली होती, आता दिवस दिवस खुर्चीवरून उठता येईना. कार्डात भाताच्या पाटीची वाफ होती, वाजंत्रीवाल्यांचं जेवण होतं, मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेले पाहुणे होते. मंगलाष्टकं होती, पण पाठीमागून, पाहुण्यांच्या डोक्यांवरून. सभापती स्टेजवर कुठेच नव्हते. ते पंगतीत होते, पान पुढे ओढून बसलेले, आणि वामनराव वाकून त्यांना वांग्याची भाजी वाढत होते. श्रावणने जे होतं ते लावलं, गाणी घातली आणि जे व्हायचं ते होईल म्हणून वामनरावांना निरोप धाडला.

फिल्म वामनरावांच्या घरी मोठ्या टीव्हीवर लागली. श्रावण दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. सभापतींचा भाग आला तसे वामनराव पुढे सरकले.

"थांब. मागं घे."

श्रावणने मागे घेतलं. सभापती पुन्हा भाजी मागत होते.

"स्टेजवर तर तो कोणाच्याही लग्नात उभा राह्यते," वामनराव म्हणाले. "इथी पाहा. माह्या घरची भाजी दुसऱ्यांदा मागून राह्यला. हे तुले त्या दिवशी नसतं सुचलं, श्रावण. वेळ दिला म्हणून सुचलं."

"हो भाऊ," श्रावण म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

वामनरावांनी तो भाग आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या तोंडून श्रावणच्या सवडीच्या कामाची कीर्ती पार गोंडपिपरीपर्यंत गेली, आणि दुसऱ्याकडे गेलेलं लग्न परत आलं. स्वतः करिष्मा गडचिरोलीला सासरी होती. तिने फिल्म मागवलीही नव्हती. मैत्रिणींनी मोबाइलवर पाठवलेले फोटो तिने केव्हाच स्टेटसला ठेवले होते.

आशाबाई, म्हणजे वामनरावांची बायको, एका दुपारी एकट्याच दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"श्रावण, सगळं चांगलं हाय. पण हार घालताना माह्या पोरीचं तोंड कुठी हाय? मी तीनदा पाह्यली. पाठ दिसते, डोक्याचा पदर दिसते. तोंड नाई दिसत."

श्रावणने सगळं सांगून टाकलं. जेवणापासून चहापर्यंत झालेली फिल्म, तिला पंधरा दिवस दडवून ठेवणं, बंद पडलेली डिस्क.

"त्या पहिल्या फिल्मेत तोंड होतं?" आशाबाईंनी विचारलं.

"होतं बाई. जवळून घेतलं होतं. हसत होती."

"करिष्माच्या बाबाले नको सांगजो," त्या म्हणाल्या. "त्यायले ही पसंत हाय."

दुसऱ्या दिवशी श्रावण गडचिरोलीला गेला. करिष्माच्या सासरी त्याने ज्याच्या-त्याच्या मोबाइलमध्ये बघितलं. बऱ्याच जणांनी जागा भरली म्हणून लग्न पुसून टाकलं होतं. शेवटी एका आतेसासूच्या फोनमध्ये हार घालतानाचा अर्धा-एक मिनिटाचा तुकडा सापडला. हललेला होता, आणि कोपऱ्यात आतेसासूचं बोट आलेलं होतं, पण करिष्मा समोरून दिसत होती. श्रावणने तो तुकडा फिल्ममध्ये जोडला, त्याची एक प्रत घरच्या पेनड्राइव्हवर आणि एक मोबाइलमध्ये ठेवली, आणि वामनराव मिलमध्ये असतील अशा वेळी त्यांच्या घरी गेला.

आशाबाईंनी हात पुसले आणि टीव्हीसमोर खालीच बसल्या. तुकडा आला आणि गेला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

"बोट दिसते," त्या म्हणाल्या.

"दिसते बाई. तेवढं कापता येते, पण मग चित्र लहान होईल."

"नको कापू. राहू दे."